मासळीवाल्याची मोटारसायकल

"बाबा, मुलीकडची माणसं दारातच उभी असतील. ही गाडी बघून हसतील हो," रिफअत म्हणाला.

शुक्रवारी अलेक्झांड्रियाला जाऊन त्याची सोयरीक पक्की करायची होती. मुलाचा आणि मुलीचा बाप हातात हात घेऊन कुराणातली फातिहा पढतात, मगच ती पक्की होते.

गाडी मी जुनीच घेतलेली. त्यात वीस वर्षं तिच्यावर मासळीच्या पेट्या वाहिल्या, त्यामुळे टाकीपासून मागच्या पत्र्यापर्यंत नुसते ओरखडे. तीन दिवस मी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासत बसलो. रंग भरला, मेण चोळलं. बोटं सोलली, पण टाकीत तोंड दिसायला लागलं.

शुक्रवारी आंघोळ करून, इस्त्रीची गलाबिया घालून मी बाहेर आलो. रिफअतने गाडी चालू केली होती. मागे त्याचा मामा बसला होता, सरकारी कचेरीतला, कोट घातलेला.

"अरे, मी कुठे बसू?"

"तुम्ही राहू द्या, बाबा. फातिहा मामा पढतील."

"बाप असताना मामा कसा पढेल?"

रिफअतने मान वर केली नाही. "वडील वारले म्हणून सांगितलंय मी तिकडे."