रविवारचे गोळे

जशुबेन पुन्हा दारात उभ्या होत्या, आणि त्यांचं नाक त्यांच्याआधी आत शिरलं होतं.

"आजे शुं बनाव्युं, प्रज्ञा?"

"मेथीची भाजी, बेन. अन् ज्वारीची भाकर."

जशुबेननी कढईवरचं झाकण स्वतःच उचललं. वाकून वास घेतला. कोपऱ्यातल्या केराच्या डब्याकडे एक नजर टाकली.

"कंई वास नथी आवती, कसलाच नाही," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "कशी केली ते सांग."

प्रज्ञानं सांगितलं. लसूण ठेचायचा, भिजवलेली मूगडाळ घालायची, मेथी झाकायची नाही, नाहीतर कडू होते. जशुबेन हं हं करत राहिल्या. काल त्यांनी वांग्याच्या भरताची कृती नेली होती, परवा झुणक्याची. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांच्या वरच्या मजल्यावरून मेथीचा किंवा झुणक्याचा घमघमाट प्रज्ञाला कधी आला नव्हता. बाईला कृती नकोच होती. तिला झाकण उचलायला निमित्त हवं होतं.

गोडादऱ्यातली ही खोली देतानाच जशुबेनच्या यजमानांनी, शेठनी, बजावलं होतं, "आपणे त्यां ए बधुं नहीं चाले हं." ए बधुं म्हणजे काय, हे अकोल्याकडून सुरतेत आलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. प्रज्ञा आणि तिचा नवरा धम्मरत्न यांनी माना डोलावल्या होत्या आणि आठ महिने शब्द पाळला होता. मटण-मासळी काय खायची ती लग्नाकार्यात, नाहीतर गावाकडे. घरात नाही म्हणजे नाही.

कारण आधीच्या खोलीत शेजारणीनं सुकट भाजली होती आणि खापर प्रज्ञाच्या डोक्यावर फुटलं होतं. ऐन परीक्षेत मुलीची, चैतालीची पुस्तकं रस्त्यावर आली. सुरतेतल्या प्लेगच्या पळापळीतून परत आल्यापासूनची दोन वर्षांतली ही तिसरी खोली. हीसुद्धा गेली, तर चैतालीची शाळा पुन्हा बदलणार होती.

घोळ झाला तो गोळ्यांवरून. एका रविवारी चैताली जिन्यातूनच ओरडली, "आई, आज गोळे कर नं!" जशुबेन तेव्हा वरून उतरत होत्या. त्या पायरीवरच थबकल्या.

"गोळा? शेना गोळा? कशाचे?"

"डाळीचे, बेन. गोळेभात. आमच्याकडं करतात."

"डाळना?" जशुबेन हसल्या. ते हसू प्रज्ञाला मुळीच आवडलं नाही. "सारुं, सारुं. डाळना."

तेव्हापासून बाईनं पिच्छाच पुरवला. गोळे केलेस का? किती वेळ लागतो? दार लावून करतेस? वरचे मसाले कोणते घालतेस? प्रज्ञाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उत्तर मात्र गोडच द्यावं लागायचं.

"काहून येते हे बाई रोज?" रात्री जेवताना ती धम्मरत्नवर चिडली. "माह्या घरात का चोरीचा माल हाये?"

"येऊ दे नं. आपल्याले काय लपवाचं हाये?"

"तुले बरं हाये. तू जाते पलसाण्याले कपडे रंगवाले. झाकणं माही उचलते ते."

धम्मरत्ननं भाकरीचा तुकडा मोडला. त्याच्याकडेही दुसरी खोली नव्हतीच.

शेवटी प्रज्ञानं ठरवलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. रविवारी धम्मरत्न कामावर आणि चैताली शिकवणीला गेल्यावर ती स्वतःच वर गेली.

"चला बेन. आज तुमच्यासमोर गोळे करते. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा."

शेठ झोपाळ्यावर पेपर वाचत होते. जशुबेननी त्यांच्याकडे पाहिलं, पदर सावरला, आत जाऊन आल्या आणि झटक्यात खाली उतरल्या.

प्रज्ञानं भिजवलेली हरभऱ्याची डाळ त्यांच्या नाकासमोर धरली. जाडसर वाटली. तिखट, मीठ, हळद, ओवा, चमचाभर तेल. मुठीत दाबून गोळे वळले, अर्ध्या शिजलेल्या भातावर ठेवले, झाकण लावलं. वाफ येईतो जशुबेननी झाकणावरची नजर हलवली नाही. मग तिनं तेल तापवून मोहरी, हिंग, लसूण, लाल मिरच्या तडतडवल्या, गोळा भातात कुस्करला, वर ते तेल ओतलं आणि ताटली पुढे केली.

जशुबेननी दोन घास खाल्ले.

"सरस छे," त्या म्हणाल्या. चेहरा मात्र पार उतरला होता. "पण आ नहीं, प्रज्ञा. हे नाही. खरं सांग."

प्रज्ञाचा संयम सुटला. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

"आणखी काय खरं सांगू, बेन? आठ महिने झाकणं उचलता, केर बघता. एक दिवस तरी सापडलं काही? खोली खाली करून घ्यायची असंल तर सरळ तसं सांगा. असं रोज रोज मारू नका."

जशुबेन घाबरून उठल्या. जिन्याकडे कान देऊन त्यांनी दार आतून लावलं, कडी घातली. हात जोडले.

"धीमे बोल, बेन. वर ऐकायला जाईल. खोलीचं कोण बोलतं? तू जन्मभर रहा."

मग त्यांनी कमरेला खोचलेला रुमाल जपून सोडला आणि ताटलीशेजारी चार अंडी ठेवली.

"डॉक्टरे कह्युं छे, रोज एक खा. आठ महिने शोधते मी, तुझ्या घरातून एकदा पण वास नाय आली. आता तरी सांग ना, हे तुझे गोळे शिजवतेस कसे?"