गुरुवारी उतरणारी बॅटरी

१९७४ साली रिठदच्या पंचायतीत मी शिपाई होतो. संध्याकाळी पंचायतीचा रेडिओ लावून गावाला बातम्या ऐकवणं माझंच काम. त्याची बॅटरी दर सोमवारी एसटीने रिसोडला नेऊन देवमनच्या दुकानात चार्ज करायची. तो आतले बुडबुडे बघायचा, काचेच्या नळीने अ‍ॅसिड मोजायचा आणि पुरी भरली की मगच काढायचा.

पण बॅटरी गुरुवारीच उतरू लागली. सरपंचांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "देवमन अंदाजानं भरते. समोरच्या नव्या दुकानात बॅटरी भरली की आपोआप बंद होणारी मशीन हाये." काम तिकडे गेलं. आमचं पाहून बाकीची गावंही गेली.

दोन महिन्यांनी देवमन दुकान आवरताना दिसला. हाक मारून त्याने ती काचेची नळी माझ्या हातात दिली.

"नव्या दुकानवाल्याले दे भाऊ. माही नजर गेली अन् मलेच समजलं नाही. तू सांगतलं ते बरं झालं."



नव्या मशीनवर भरलेली बॅटरीही गुरुवारीच उतरत होती, कारण रोज दुपारी पंचायतीचं दार आतून लावून मी सिनेमाची गाणी ऐकत होतो.