सासरचं माप

पाहुणे बघायला आले तेव्हा प्रेरणानं इंग्रजीत सांगितलं होतं, "आय अ‍ॅम फ्लेक्सिबल, अ‍ॅडजस्टिंग, अ‍ॅडाप्टेबल." हे शब्द तिनं मुळात नोकरीच्या मुलाखतीसाठी पाठ केले होते. त्यावर चितेगावच्या कंपनीत नोकरी लागली आणि पुढं लग्नही जमलं. मग पाहुण्यांनी तेच शब्द धरून ठेवले. लग्नाची तारीख त्यांच्या सोयीनं सरकली आणि नोकरीही सुटली.

आज पडेगावात घरी चुडा भरायचा होता. हिरव्या बांगड्या सासरहून आल्या होत्या, नणंदेच्या मापाच्या. प्रेरणाचं माप कुणी विचारलंच नव्हतं. चंपाबाई कासारीण साबण लावून तिचा पंजा दाबत होती.

"हात ढिला सोड गं माय, लई ताठ धरतीस!"

आणखी एक बांगडी तडकली आणि मनगटावर रक्ताचा ठिपका आला.

"वाढली, वाढली," आई घाईघाईनं म्हणाली, कारण अशा वेळी फुटली म्हणायचं नसतं.

तेवढ्यात चुडा बघायला होणाऱ्या सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "अजून भरला नाही? थोडं सोसायचं गं. तूच म्हणाली होतीस ना, फ्लेक्सिबल आहे म्हणून?"

प्रेरणानं साबणाचा हात ओढणीला पुसला आणि बांगड्यांचा डबा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला.

 

"मी आहे हो, काकू. आता जरा बांगड्यांना व्हायला सांगा."