वाचवलेला पोरगा

रतनशेठ चोरून गर्दच्या पुड्या विकायचा. त्याच पुड्यांनी भिमाबाईचा तरणाताठा लेक सावळीराम गेला. "गर्दुल्ला तो, मरणारच होता," शेठ चारचौघांत म्हणाला.

पुढच्याच उन्हाळ्यात, भिमाबाई आया होती त्या नाशिकरोडच्या दवाखान्यात, शेठ स्वतःच्या बेशुद्ध पोराला घेऊन आला. "चांगल्या घरचा मुलगा आहे डॉक्टर, ऊन लागलंय," एवढंच सांगत राहिला. पोराचे सावळीरामसारखेच निळे पडलेले ओठ पाहून भिमाबाई ओरडली, "साहेब, हा गर्द ओढतो!"

डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. पोरगा वाचला.

शेठने रडत हात जोडले. "बाई, माझ्या पोराला तुम्ही वाचवलंत?"

"मेला असता तर तू एकदाच रडला असता, शेठ. आता रोज तो तुझ्याकडंच गर्द मागंल."