पितळी तोटी

घरात नळ येणार म्हणून कडूबाईनं पितळी तोटी आधीच आणून ठेवली होती. हर्सूलच्या गल्लीत टँकरला लहर आली तरच पाणी मिळायचं. कचेरीचा माणूस टेप घेऊन दारात आला, तेव्हा तिला वाटलं, नळाचा अर्ज पावला एकदाचा. टेपचं दुसरं टोक तिनंच धरून चुलीपर्यंत नेलं. “तोटी इथंच बसवा दादा, हाताशी.” तो चहा प्याला आणि चुलीमागच्या भिंतीवर तांबडी रेघ मारून गेला. तिनं रेघेला हळदीकुंकू वाहिलं. घर पाडायला जेसीबी आला तेव्हा कळलं, ती रेघ रस्त्याची होती. रस्ता झाला, खालून पाण्याचा पाइप गेला. तोच माणूस तिच्या पत्र्याच्या आडोशाला आला. “मावशी, तुमचा नळ मंजूर!” कडूबाईनं पदराची गाठ सोडून तोटी त्याच्या हातात ठेवली. “बसवा की दादा. भिंत तेवढी संगं आणा.”