मागून कोण बघतंय

आरसा नको.

बाह्या सैल. अजून सैल.

मुंबईच्या एका डिझायनरचा लेहंगा. समोर जरदोसी, मागे सेफ्टी पिना.

तिसगावहून नगरला येणारी एसटी. दोन बायका. एकीच्या मांडीवर पिशवीत पांढरी साडी.

"पाठ उघडी टाकणं ही स्टाईल नाही. ते कापड वाचवणं आहे."

हे शेवटचं वाक्य एंजेलाचं. नगरच्या सावेडीतलं तिचं बुटीक शनिवारी उघडणार होतं, आणि त्याआधीच तिने इन्स्टाग्रामवर भांडण उकरून काढलं होतं. बॅकलेस ब्लाऊज, कॉर्सेट, को-ऑर्ड सेट, सगळ्यांवर ती तुटून पडली होती. हे लोक फोटोसाठी शिवतात, अंगासाठी नाही. बाई पाठमोरी चालायला लागली की यांची अक्कल संपते. एंजेलाच्या कपड्याची मागची बाजू पुढच्याइतकीच पूर्ण असायची. दुकानाच्या काचेवर तिने रंगवून घेतलं होतं: मागूनही बघा.

आणि तिची आईच त्या काचेआड येऊन म्हणाली, "ब्लाऊज मागून उघडा ठेव."

एंजेलाला आधी वाटलं, आई थट्टा करतेय. मरियमबाईंनी आयुष्यात मुलीच्या हातचा एकही कपडा घातला नव्हता. तिसगावच्या टेलरकडचे सुती ब्लाऊज, कोपरापर्यंत बाही, संपलं. आज त्या स्वतःहून पांढरी साडी घेऊन आल्या होत्या. सोबत शेजारच्या रतनबाई होत्या. चर्चमधल्या बायकांचं काहीही असो, बाळंतपण असो की दुखणं, रतनबाई पुढे असायच्याच.

"उघडा म्हणजे किती?"

"सगळा. मानेपासून कमरेपर्यंत. नाड्याबी नकोत."

"आई, तू माझा व्हिडिओ बघितलास का?"

"बघितला की. लई वरडतीस तू."

"मग ही काय नवीन फॅशन सुचली तुला? आणि अंगावर टिकेल कसा तो?"

"टिकतोय. तू शीव."

रतनबाई म्हणाल्या, "बाही ढिली ठेव पोरी. हात घालायला सोपं पडतं."

"मावशी, ब्लाऊज आहे, पोतं नाही."

एंजेलाने टेप काढली. आईच्या दंडाभोवती ती नको इतकी फिरली. बांगडी कोपराकडे घसरली.

"बारीक झालीस. आता तरी फिटिंगचं घाल."

"माप कशाला घेतीस? अंदाजानं कर. पुढं मात्र ते तुझं भरतकाम कर, फुलांचं. गळ्याला आन् बाह्यांना. मागं काय नको."

"मागे का नको?"

"मागून कोण बघतंय?"

टेप टेबलावर आपटली. "हेच! हेच म्हणतात ते सगळे! शनिवारी माझ्या दारात पन्नास बायका येतील. काचेवर काय लिहिलंय वाच, आणि माझीच आई उघड्या पाठीनं रिबीन कापणार? पुढे फुलं, मागे काही नाही! मला मारायला दुसरी जागा सापडली नाही तुला?"

"रिबिनीचं कोन म्हनलं?" मरियमबाई शांतपणे म्हणाल्या. "मी कवा घालायचा ते माझं मी बघीन."

"जन्मभर माझ्या कामाला नाकं मुरडलीस. पहिल्यांदा काही मागितलंस, तेही मला खोटं पाडायला!"

रतनबाई काहीतरी बोलणार होत्या. मरियमबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चिडली की बापावर जाती," त्या म्हणाल्या. "दानीएलबी असाच. भाकरी करपली की तव्याशी भांडायचा."

एंजेला हसली नाही. तिने टेबलावरचा खडू उचलून आईच्या हातात दिला. "कापडावर काढून दे. कुठून कुठे उघडा हवाय ते. उद्या म्हणशील, असं नव्हतं सांगितलं."

मरियमबाईंनी कापडावर वरून खाली एक सरळ रेघ ओढली.

एंजेलाने ती रेघ झटकून टाकली. ब्लाऊज तिने स्वतःच्या मनाने शिवला. पाठ गळ्यापर्यंत बंद, मधोमध तिची सगळ्यात सुबक शिवण, बाही दंडाला घट्ट, काखेपासून कमरेपर्यंत बारीक हूक. पुढे जितकी फुलं, तितकीच मागे. दोघी घ्यायला आल्या तेव्हा तिने तो टेबलावर पालथा टाकला.

"बघ. याला डिझाईन म्हणतात."

मरियमबाईंनी मागच्या फुलांवरून बोट फिरवलं. बराच वेळ. "चांगलंय," म्हणाल्या, आणि घडी करून पिशवीत ठेवला.

शनिवारी त्या आल्या रोजच्या निळ्या साडीत.

पन्नास बायकांसमोर एंजेलाने विचारलं, "माझा ब्लाऊज कुठंय?"

"ट्रंकेत."

"ट्रंकेत ठेवायला शिवला होता का मी?"

"व्हय."

कोणीतरी हसलं. एंजेलाने रिबीन स्वतःच कापली. पेढ्यांचा ट्रे तिने आईकडे जाऊ दिला नाही. नंतर तिने आईचे फोनही उचलले नाहीत. शेवटी एक फोन रतनबाईंचा आला, तो उचलला.

तिसगावच्या घरात पंखा बंद केला होता. मरियमबाईंना आंघोळ घालून झाली होती. रतनबाई आणि चर्चमधल्या दोन बायका तो ब्लाऊज त्यांना घालू बघत होत्या, आणि हात वाकत नव्हते. "हूक! कशाला लावलेस गं हूक?" रतनबाई एंजेलावर ओरडल्या. "मागनं उघडा हवा म्हनून सांगितलं हुतं ना तुला! मयताला असाच घालतात!" एंजेला ट्रंकेपाशी गेली. ब्लाऊज ठेवला होता तिथेच खाली कात्री होती, कोरी, कागदात गुंडाळलेली. तिने ती ब्लाऊजच्या मागच्या गळ्यापाशी लावली आणि मागच्या फुलांमधून, शिवणीवरून, कमरेपर्यंत चालवली. रतनबाईंनी बाह्या पुढून चढवल्या, कडा पाठीखाली सारल्या. समोरून सगळं नीट दिसत होतं.

ब्लाऊज घेऊन तिसगावला उतरल्यावर, घरी जायच्या आधी, मरियमबाईंनी बाजारातून एक कात्री विकत घेतली होती.