ओल

बायको घरीच केक करून विकायची. स्वस्त पडतं म्हणून मैदा, साखर पोत्यानेच आणायची आणि आइस्क्रीमवाल्याकडून फुकटात आणलेल्या डब्यांत भरून दिवाणाखाली, कपाटावर, दिसेल तिथे कोंबायची. आज पुन्हा पोतं खांद्यावर घेऊन जिना चढताना नवरा पार मेटाकुटीला आला.

"अगं, पाय ठेवायला जागा नाही. पोरीची खोली तिच्या लग्नापासून रिकामी पडलीये. तिथे टाकू?"

"नको. तिथे ओल येते. मैद्याला जाळी धरेल."

"घरातली सगळ्यात कोरडी खोली आहे ती!"

ती मैदा चाळत राहिली. त्याने नाद सोडला आणि पोतं बाथरूमच्या भिंतीलाच टेकवलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात लेक उभी, दोन मोठ्या बॅगा घेऊन. सोबत जावई नव्हता.

"आई, मी आता परत जाणार नाही. माझ्या खोलीत पोती असतील ना? मी इथेच कुठेतरी पडेन."

"छे गं," आई म्हणाली. "तिथे काही ठेवलं नाही. ओल येते."

लेकीने बापाकडे पाहिलं. त्याने दोन्ही बॅगा उचलल्या.

"हो ना," तो म्हणाला, "फार ओल येते."